कुमुदताईंनी उडी निवडली

कुमुदताई गेल्याचं मला फोनवरच्या मेसेजमधून कळलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला खडकीच्या मैदानावर माझ्या मुलींचा सराव चालू होता. मी शिट्टी तोंडात धरून उभी होते आणि खिशातला फोन सारखा थरथरत होता. उघडून पाहिलं तर ग्रुपवर नुसते जोडलेले हात. एकाचे, दुसऱ्याचे, तिसऱ्याचे. कोण गेलं ते कळायला मला बोटाने बरंच वर सरकवत जावं लागलं. बास्केटबॉलच्या ज्येष्ठ प्रशिक्षक कुमुदताई दुपारी झोपेतच गेल्या, असं कुणीतरी लिहिलं होतं. झोपेतच... मी ते दोनदा वाचलं. त्या क्षणी मनात जे आलं ते दुःख नव्हतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मनात आलं, गेली बाई. मला उत्तर द्यायची संधी न देता गेली. मग मी शिट्टी वाजवली आणि मुलींना आणखी वीस मिनिटं पळवलं. त्यांचा काही दोष नव्हता.

पाच आठवडे झाले. या पुरवणीसाठी लिहाल का, असं विचारायला फोन आला तेव्हा पलीकडची मुलगी म्हणाली, "तुम्ही त्यांच्या अगदी जवळच्या होतात ना?" मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं. मी एखाद्यावर किती वर्षं राग धरून राहू शकते हे माझ्या नवऱ्यालाही नीट माहीत नाही. कुमुदताईंना माहीत होतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. शोकसभेत सगळे चांगलंच बोलले. मी तिथे बोलले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी सोळा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. राज्याच्या ज्युनिअर संघासाठी पुण्यात शिबिर भरलं होतं आणि निवड कुमुदताईंच्या हातात होती. त्या तेव्हा चाळिशीच्या आत-बाहेर असतील. पांढरे कॅनव्हासचे बूट, घट्ट वेणी, आणि बोलणं असं की समोरच्याने एक शब्द खर्च केला तर त्या अर्ध्यात उत्तर द्यायच्या. मी शनिवार पेठेतली, कारकुनाची मुलगी, उंचीने बेताची. पण माझे हात बोलायचे. डावा हात उजव्याइतका तयार व्हावा म्हणून मी वर्षभर डाव्या हाताने दात घासले, डाव्या हाताने पोळ्या लाटल्या, डाव्या हाताने वह्या भरल्या. आई म्हणायची, सासरी कसं होणार हिचं. शिबिराच्या शेवटच्या दिवशी अकरा नावं ठरलेली होती आणि बाराव्या जागेसाठी आम्ही दोघी उरलो होतो. मी आणि शैला.

शैला कात्रजची. तिचे वडील डेअरीत कामाला होते. ती मुळातली उंच उडी मारणारी. बास्केटबॉल हातात धरून तिला आठ महिने झाले होते आणि ती तो पाण्याची कळशी धरावी तसा धरायची. डाव्या हाताने तिला एक टप्पा धड देता येत नव्हता. जेवताना ती मला म्हणाली होती, "मला कुठं काय येतंय गं, सरांनी जा म्हटलं म्हणून आले हाय." पण बोर्डवरून परत आलेला बॉल पकडायला ती उडी मारायची तेव्हा बाकीच्या नऊजणी जमिनीला खिळल्यासारख्या दिसायच्या. ती वर जायची आणि तिथे जरा थांबायची. खरंच थांबायची... मी रागाने पाहिलं म्हणून मला ते चांगलं आठवतं.

कुमुदताईंनी बारावं नाव शैलाचं वाचलं. मी सगळ्यांसमोर पुढे गेले. म्हटलं, "ताई, तिला डावा हात नाही."

"शिकवता येईल," त्या कागदातून डोकं वर न काढता म्हणाल्या.

"मला दोन्ही येतात."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हो. पण तुला उडी कोण शिकवणार, मेधा? ती काही दुकानात मिळत नाही."

मुली हसल्या. सगळ्या नाही, तीन-चार. त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. फाटकाबाहेर बाबा स्कूटर लावून उभे होते. त्यांनी शिबिराच्या शेवटच्या दिवसासाठी अर्धी रजा काढली होती. माझा चेहरा पाहून त्यांनी स्कूटर चालू केली. लकडी पुलावर आल्यावर एवढंच म्हणाले, "आता अभ्यासाला लाग." घरी कुणाला कळू नये म्हणून मी रडलेसुद्धा नाही. त्या वाक्याचा जाब एक दिवस मागायचा, असं मात्र ठरवून टाकलं.

कुमुदताईंची ती निवड चुकली असती तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. चुकलेल्या माणसाला माफ करणं सोपं असतं, त्यात आपला मोठेपणाही दिसतो. पण त्या चुकल्या नाहीत. शैला दोन वर्षांत राज्याची कॅप्टन झाली, पुढे देशासाठी खेळली, खेळावर तिला नोकरी लागली, तिच्या घराचं कल्याण झालं. तिशीच्या आतच तिचा गुडघा गेला, उडी संपली. मी वाट पाहत होते की आता उघडं पडेल सगळं. नाही पडलं. तोवर कुमुदताईंनी तिला हात दिले होते, डावासुद्धा, आणि ती आणखी चार वर्षं नुसत्या हातांवर खेळली. म्हणजे माझ्या बाजूचं जे काही होतं तेही त्यांनी शैलाला शिकवून टाकलं... हे मला सगळ्यात जास्त झोंबलं.

मी बँकेत लागले आणि संध्याकाळी खडकीला मुलींना शिकवू लागले. कामगार वसाहतीतल्या मुली, शाळेतल्या मुली, येईल ती. कुमुदताईंचं म्हणणं सगळ्या पुण्याला माहीत होतं: हात शिकवता येतात, पाय जन्माला घेऊन यावे लागतात. मी त्याच्या नेमकं उलट शिकवत गेले. पायांना वय असतं, पास देणाऱ्या डोळ्यांना नसतं. माझ्या संघात ठेंगण्या मुली जास्त असायच्या, आणि तो योगायोग नव्हता. आम्ही कुमुदताईंच्या उंच, धिप्पाड मुलींना पहिल्यांदा हरवलं तेव्हा बॉल जमिनीवरून इतका भराभर फिरत होता की त्यांच्या पोरींना उडी कुठे मारावी हेच कळेना. सामना संपल्यावर मी हात मिळवायला गेले. वाक्य पंधरा वर्षं तयार होतं.

"ताई, उडी दुकानात मिळत नाही. तशी अक्कलही मिळत नाही."

त्यांनी माझा हात हातात तसाच धरून ठेवला. "सुरेख खेळल्या तुझ्या पोरी," त्या म्हणाल्या. "तुला मात्र काही आनंद झालेला दिसत नाही."

असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. कधी त्या जिंकायच्या, कधी मी. समोरासमोर आलो की अहो-जाहो, चहा घेणार का, गुडघे काय म्हणतात. बघणाऱ्याला वाटायचं, काय आदर आहे दोघींमध्ये.

मग शहरात मुलींची लीग सुरू झाली. सहा संघ, आणि खेळाडू वाटून घ्यायची पद्धत नवी. त्याला ड्राफ्ट म्हणायचं. दोन दिवस सगळ्या मुलींची चाचणी घ्यायची, तिसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांनी क्रम ठरवायचा आणि एकेका संघाने आपल्या पाळीला एकेक नाव घ्यायचं. मी एका संघाची प्रशिक्षक होते. कुमुदताई पंचाहत्तरीला आल्या होत्या, काठी आली होती, तरी दुसऱ्या एका संघाने त्यांना सल्लागार म्हणून बसवलं होतं. त्या वर्षी सगळ्यांचे डोळे दोनच मुलींवर होते. एक गौरी. सहाव्या वर्षापासून खेळणारी, हातात बॉल असा की जणू दोरीने बांधलाय. वेगाने बेताची, उंचीनेही बेताची. दुसरी अश्विनी. वारज्याची. आईवडील कामासाठी अमरावतीकडून आलेले. वडील एका सोसायटीत वॉचमन, आई चार घरी पोळ्या करायची. अश्विनी शाळेत लांब उडी मारायची आणि वर्षभरापूर्वी कुणीतरी तिला बास्केटबॉलकडे वळवलं होतं. उभ्या जागेवरून उडी मारून तिने रिंगच्या जाळीला असा हात घातला की हॉलमधली कुजबूज थांबली. मग तिला बॉल दिला आणि डावीकडून जायला सांगितलं. बॉल तिच्याच पायावर आपटून बाहेर गेला. ती स्वतःच हसली.

 मी ती कळशी ओळखली.

चिठ्ठ्यांमध्ये पहिली पाळी मला आली आणि दुसरी कुमुदताईंच्या संघाला. नावं घेण्याआधी चहा होता. कुमुदताई काठी टेकत माझ्या शेजारी येऊन बसल्या. पॅटिसचा कोपरा मोडत म्हणाल्या, "तू गौरीला घेणार."

"हो."

"घ्यायलाच हवी. तुझीच आहे ती. बरं झालं, मग अश्विनी मला." आणि त्या हसल्या. साधंच हसू होतं. आपल्याला हवं ते भांडण न करता मिळणार म्हणून म्हातारं माणूस हसतं तसं.

मला गौरी हवी होती. माझी सगळी विद्या गौरीसारख्या मुलीसाठी होती. माझा सगळा खेळ तिच्याभोवती मांडून मी रात्री झोपले होते. पण ते हसू पाहिलं, आणि माईक हातात आल्यावर मी म्हटलं, "अश्विनी."

हॉलमध्ये गलका झाला. माझ्या संघाचे मालक माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, मी कुमुदताईंकडे पाहत होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन पर्समध्ये ठेवलं, आणि बाजूच्या माणसाला हळूच म्हणाल्या, "गौरी घ्या." मला त्या दुपारी जे सुख झालं ते मला माझ्या लग्नात झालं नव्हतं.

अश्विनी धावत माझ्याकडे आली, पाया पडली. म्हणाली, "मॅडम, सगळ्यांत पहिलं माझं नाव! मले वाटलंच नव्हतं." एरवी ती वारज्याच्या पोरींसारखंच बोलायची, आनंद झाला की घरचं तोंडात यायचं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिच्यासाठी नव्हता.

नंतर मी जे केलं ते कोणी मला विचारलं नाही, कारण बाहेरून ते शिस्तीसारखं दिसत होतं. मी अश्विनीला बाकावर बसवलं. डावा हात आला की खेळवेन, असं सांगितलं. आणि डावा हात शिकवला नाही. सरावात ती बाकीच्यांबरोबर धावायची, बॉल घ्यायची, चुकायची, मी शिट्टी वाजवून पुढच्या मुलीला बोलवायचे. पहिले सात सामने ती बसली. मधे कधी दोन मिनिटं उतरवलं तर तेही सामना हातातून गेल्यावर. बघा, नुसत्या उडीने काय होतं, हे मला दाखवायचं होतं. कुणाला दाखवायचं होतं ते वाचणाऱ्याला कळलं असेलच.

एका रविवारी सरावानंतर तिची आई मैदानावर आली. कामाच्या घरून परस्पर आली होती, पदराला पीठ होतं. तिने मला नमस्कार केला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मॅडम, पोरीले खेळवत नाही, तर घेतलं काहून?"

मी म्हटलं, तिची अजून तयारी नाही.

"तयारी नव्हती, तं मग पहिलं नाव काहून घेतलं?"

मी बॉल पिशवीत भरत राहिले. तिने पदराचं पीठ झटकलं आणि ती गेली. इतक्या वर्षांत मला हरवणारे पुष्कळ भेटले, पण इतक्या थोड्या शब्दांत कुणी हरवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कुमुदताई खडकीला आल्या. वारज्याहून रिक्षाने. त्या अश्विनीच्या घराजवळच राहायच्या, त्यांना सगळं कळत असणार. मैदानाच्या कडेला पायरीवर बसल्या, मुली गेल्यावर मला हाक मारली.

"राग माझ्यावर आहे ना? मग मला मार. तिला का बसवतेस?"

"उडी शिकवता येत नाही ताई," मी म्हटलं. "बसणं शिकवता येतं."

हे बोलून मला फार बरं वाटलं. त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. मग म्हणाल्या, "मी तेव्हा चुकले असते, तर आज तुझी माफी मागितली असती. पण मी चुकले नव्हते, मेधा. काय करू?" काठीचं टोक मातीत फिरवत त्या पुढे म्हणाल्या, "तुझे वडील बाहेर उभे होते. मी पाहिलं होतं त्यांना. जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते. पोरगी गुणी आहे एवढं तरी सांगायला हवं होतं. ते राहिलं."

"आता सांगा," मी म्हटलं. "जाऊन दहा वर्षं झाली त्यांना."

त्यांनी मान हलवली. त्या रिक्षात बसताना मी आधाराला हात पुढे केला नाही.

आम्ही त्या लीगमध्ये चौथे आलो. गौरीला घेऊन कुमुदताईंचा संघ दुसरा आला. हंगाम संपल्यावर मी अश्विनीला सोडून दिलं आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये कुमुदताईंनी तिला उचललं. मधले सगळे महिने त्या तिला शिकवत होत्या, हे मला नंतर गौरीकडून कळलं. सकाळी सातला, आपल्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये. रिंग नाही, बोर्ड नाही. नुसते भिंतीवर पास आणि जमिनीवर टप्पे, उजवा हात कमरेला बांधून. सोसायटीने पार्किंगमध्ये चेंडू आपटू नये अशी पाटी लावली, तर कुमुदताईंनी त्याखाली लिहिलं म्हणे, "आपटत नाही. शिकवत आहोत."

या वर्षीच्या लीगमध्ये ती माझ्या समोर आली. शेवटची तीन मिनिटं राहिली होती आणि आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. अश्विनीने बॉल घेतला, उजवीकडे झुकली. माझ्या दोघी मुली उजवीकडे गेल्या, कारण मीच त्यांना सांगितलं होतं की हिला दुसरा हात नाही. तिने बॉल डावीकडे घेतला. दोन पावलं टाकली, वर गेली, आणि डाव्या हाताने बॉल बोर्डवर असा टेकवला की आवाजसुद्धा झाला नाही. मग पुन्हा तेच. मग पुन्हा. मी बाजूच्या रेषेवर उभी राहून ओरडायचंही विसरले. इतकं सुंदर काहीतरी मी अख्खा हंगाम बाकावर बसवून ठेवलं होतं... सामना संपल्यावर दोन्ही संघ हात मिळवत रांगेने गेले. अश्विनी माझ्यापाशी आली आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली. मी तिच्या जागी असते तर थांबून एखादं वाक्य मारलं असतं. ती माझ्याहून बरी आहे, किंवा माझ्याहून जास्त रागावलेली आहे.

कुमुदताई खाली आल्या नाहीत. या वेळी मीच प्रेक्षकांच्या पायऱ्या चढून वर गेले. मी म्हटलं, "डावा हात आला तिचा."

"दहा महिने लागले मला," त्या म्हणाल्या. "तू दोन महिन्यांत आणला असतास. शिकवण्यात तू माझ्या पुढे आहेस, हे मी कितीतरी जणांना सांगते."

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "हे तुम्ही सूड म्हणून सांगताय."

"हो," त्या म्हणाल्या. "राग काय तुला एकटीलाच येतो?"

हे आमचं शेवटचं बोलणं. त्यानंतर दोन महिन्यांनी तो मेसेज आला. मला त्यांना सांगायचं होतं की तुम्ही बरोबर होता पण मीही चूक नव्हते. उडी तुम्ही निवडलीत हे खरं, पण अश्विनी वर गेल्यावर जे करायचं ते शेवटी हातांनीच केलं. हे वाक्य मी घोटून तयार करत होते. त्यांनी वाट पाहिली नाही. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.

तेराव्याला मी वारज्याला गेले. सकाळी लवकर, कुणी यायच्या आत निघावं म्हणून. पार्किंगमधून आवाज येत होता. अश्विनी होती, आणि तिच्यासमोर आजूबाजूच्या आठ-दहा लहान मुली, प्रत्येकीचा उजवा हात ओढणीने कमरेला बांधलेला. भिंतीच्या कडेला निळी प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर घडी घातलेला टॉवेल. मी बसस्टॉपपासून चालत आले होते, पाय दुखत होते, मी खुर्चीकडे वळले.

"तिथं नका बसू, मॅडम," अश्विनी म्हणाली. "ती ताईंची आहे." दुसरी खुर्ची मागवावी, पायरी दाखवावी, असं काही तिने केलं नाही. ती पुन्हा मुलींकडे वळली. मी तासभर खांबाला टेकून उभी राहिले. एका छोटीचं मनगट फार ताठ होतं, बॉल तिच्या हाताबाहेर जात होता. ते कसं सैल करायचं हे मला येत होतं आणि अश्विनीला येत नव्हतं. मी बोलले नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. निघताना अश्विनी टॉवेल झटकून पुन्हा त्याच घडीवर घालत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आम्ही रोज सातला असतो."

या, असं ती म्हणाली नाही. तरी मी जाते. आज बाविसावा दिवस. टॉवेल रोज झटकला जातो, खुर्ची रोज रिकामी असते, आणि मी खांबापाशी उभी असते. अजून मला कुणी बसा म्हटलेलं नाही.